चार हातांनी दिलेल्या गोळ्या : वारीतील एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पालखी नातेपुत्याच्या मुक्कामी पोहोचली त्या रात्री साडेनऊच्या सुमारास ६२ वर्षांच्या एका वारकरी बाईंना त्यांच्या दिंडीतील दोन महिलांनी धरून आमच्या रुग्णालयात आणले. दोन दिवसांपासून जुलाब आणि उलट्या, अंगात त्राण नाही, बोलता बोलता डोळा लागतो आणि सकाळपासून लघवी झालेली नाही, एवढी हकीकत सोबतच्यांनी सांगितली. वारीच्या दिवसांत असे रुग्ण आम्ही रोज पाहतो. पाण्याचा फरक, उघड्यावरचे खाणे आणि उन्हापावसातली चाल यांमुळे पोट बिघडते, सलाइनच्या दोन बाटल्या लागल्या की बहुतेक माउली दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट धरतात. या बाईही तशाच असतील असे आम्ही धरून चाललो आणि पहिला तासभर त्याच समजुतीने वागलो. हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते त्या पहिल्या तासामुळे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

दाखल होताना

बाईंचे वजन ४६ किलो होते. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०, जीभ कोरडी पडलेली, ताप नाही. आठ वर्षांपासून त्यांना रक्तदाबाचा विकार होता आणि त्यासाठी त्या रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम व हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम ही जोडगोळी घेत होत्या. मधुमेह नव्हता. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली होती. मुलाने फोनवर फेब्रुवारीतल्या तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट गाळत नसली की रक्तात साचणारे द्रव्य, ०.९ होते, म्हणजे निघताना मूत्रपिंडे चांगली होती.

आमच्या कनिष्ठ डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, औषधं कोणती चालू आहेत?" बाईंनी सांगितले, "बीपीची एकच." तेवढीच नोंद कागदावर झाली आणि सलाइन सुरू केले.

तासाभराने रक्ताचे अहवाल आले. क्रिएटिनिन ४.६, युरिया १३८, पोटॅशियम ६.१, हिमोग्लोबिन १०.८, आणि यकृताची अवस्था दाखवणारे एसजीपीटी ११८. हृदयालेखात पोटॅशियम वाढल्यावर दिसतात तशा टोकदार लहरी दिसत होत्या. मूत्राशयात नळी घातली तेव्हा जेमतेम ४० मिलिलिटर गडद लघवी निघाली. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकाराने व्यवस्थित होती आणि मार्गात कुठेही अडथळा नव्हता, त्यामुळे बिघाड जुना नसून गेल्या काही दिवसांतला आहे हे स्पष्ट झाले. दोन दिवसांच्या जुलाबांनी मूत्रपिंडावर ताण येतो हे खरे. परंतु वेळेवर सलाइन मिळण्याइतक्या अवधीत क्रिएटिनिन पाचपट व्हावे आणि जोडीला यकृतालाही झळ लागावी, हे नुसत्या जुलाबांनी होत नाही. काहीतरी विचारायचे राहिले होते.

ते विचारले आमच्या सिस्टरनी. त्या स्वतः त्याच भागातल्या, घरात वारी असलेल्या. बाईंच्या पावलांवरचे फोड पुसताना त्या सहज म्हणाल्या, "मावशी, गुडघं दुखल्यावर काय घेताय चालताना?" बाईंनी डोळे उघडले. "ती होय? ती काय औषधं न्हवं, दुखण्याच्या गोळ्या हायत. बटव्यात बघा."

बटव्यातल्या गोळ्या

बटवा खाटेवर रिकामा केला. बुक्क्याची डबी, घडी घातलेल्या दहाच्या नोटा, लेकीच्या फोन नंबरचा कागद, आणि त्यात मिसळलेल्या गोळ्या. पांढऱ्या कागदाच्या दोन पुड्या होत्या, दोन्हींवर निळ्या पेनाने '१-०-१' असे लिहिलेले, औषधाचे नाव कुठेच नाही. एक पट्टी कात्रीने कापलेली होती आणि कापताना नावाचा अर्धा भाग दुकानातच राहिला होता. चांदीच्या कागदावर उरली होती ती मुदत संपण्याची तारीख आणि घटकांच्या ओळीचे शेपूट. आणखी एका पट्टीवरची अक्षरे घामाने आणि बुक्क्याने काळी झाली होती. त्यांपैकी कोणती गोळी कुठून आली हे बाईंना मात्र नीट आठवत होते, आणि सोबतच्या दोघींच्या मदतीने आम्ही दहा दिवसांचा हिशेब जुळवला.

पुणे ते सासवड ही वारीतली फार लांबची चाल आणि त्यात दिवेघाटाची चढण. त्या दिवशी एकादशी असल्याने बाईंच्या पोटात शेंगदाणे आणि चहा यांपलीकडे काही नव्हते. संध्याकाळी गुडघे सुजले. तळाजवळच्या एका मोफत शिबिरात त्यांना डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एक अशा, आणि 'पित्ताची गोळी' मिळाली. गुडघ्याचा ठणका कमी झाला. वाल्ह्याच्या वाटेवर त्या पावसात भिजल्या, सर्दी-ताप आला. रस्त्यावरच्या मेडिकलमधून त्यांनी सर्दीची गोळी घेतली, दिवसातून तीन वेळा. तिच्यात सर्दीच्या दोन औषधांबरोबर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम होते. अंग मोडून आल्यावर घ्यायची म्हणून घरून आणलेली पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची गोळीही त्या दिवसातून तीनदा घेऊ लागल्या होत्या. लोणंदला पहिली पुडी संपली तेव्हा दुसऱ्या एका शिबिरात त्यांनी "पाय दुखतात" एवढेच सांगितले आणि पुन्हा डायक्लोफिनॅकच्या दहा गोळ्या मिळाल्या. तरडगावला पोहोचेपर्यंत दुखणे आवरेना, तेव्हा दिंडीतल्या मैत्रिणीने मायेने आपल्या पट्टीतल्या गोळ्या काढून दिल्या, "आक्का, ही घे, हिनं लगेच उतार पडतो." ती गोळी एसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची होती, तीही दिवसातून दोन.

फलटणला जुलाब सुरू झाले. त्याही अवस्थेत बाईंनी एकही गोळी चुकवली नाही. रक्तदाबाची तर नाहीच, कारण रोज संध्याकाळी घरून सुनेचा फोन येई आणि त्यात पहिला प्रश्न तोच असे.

आम्ही कागदावर बेरीज मांडली. शेवटच्या दिवसांत बाईंच्या पोटात रोज डायक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि त्याच कुळातले एसिक्लोफिनॅक २०० मिलिग्रॅम जात होते, म्हणजे एकाच कामाची दोन औषधे, दोन्ही पूर्ण मात्रेत. पॅरासिटामॉलचा हिशेब त्याहून बोलका होता: घरच्या गोळीतून १९५०, सर्दीच्या गोळीतून १५००, मैत्रिणीच्या गोळीतून ६५०, एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. ४६ किलोच्या, नीट जेवण न झालेल्या व्यक्तीला किलोमागे ६० मिलिग्रॅमचा हिशेब लावला तर ती मर्यादा २७६० वर येते. बाईंनी कुठल्याही एका पट्टीवरची मात्रा ओलांडली नव्हती. हे ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण 'जास्त गोळ्या खाल्ल्या का' असे कोणी विचारले असते तर त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले असते.

मूत्रपिंडात काय घडले

बाई बऱ्या झाल्यावर त्यांना जे समजावून सांगितले तेच येथे लिहितो, कारण त्यांची शेती पाटाच्या पाण्यावरची होती आणि ही गोष्ट त्यांना चटकन उमगली.

मूत्रपिंडातील प्रत्येक बारीक गाळणी ही एखाद्या वाफ्यासारखी असते. एका दारातून रक्त आत येते, दुसऱ्या दारातून बाहेर जाते, आणि मध्ये पुरेसा दाब राहिला तरच गाळले जाण्याचे काम होते. पाटाला पाणी कमी असेल तेव्हा दारं धरणारा माणूस आतले दार मोठे करतो आणि बाहेरचे आवळतो, म्हणजे वाफ्यात पाणी टिकते. शरीरही नेमके हेच करते. आतले दार उघडे ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही सारी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखतात. सूज आणि ठणका कमी होतो तो त्यामुळेच, आणि आतले दार बंद होऊ लागते तेही त्यामुळेच. ॲस्पिरिनवर काम करून ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली ही क्रिया दाखवून दिली. टेल्मिसार्टन बाहेरचे दार सैल ठेवते, एरवी ते मूत्रपिंडाच्या हिताचेच असते. हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातले पाणी-मीठ बाहेर काढते. त्यात जुलाब आणि उलट्यांनी पाटच आटला. आतले दार बंद, बाहेरचे उघडे आणि पाटाला पाणी नाही, अशी तिहेरी कोंडी झाल्यावर वाफा कोरडा पडणारच. यांपैकी एखादी गोष्ट एकटी असती तर बाईंच्या मूत्रपिंडांनी ती बहुधा निभावून नेली असती.

याच डायक्लोफिनॅकने आपल्या आकाशातली गिधाडे संपवत आणली, हे अनेकांनी वाचलेले असेल. औषध दिलेल्या गुरांचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, आणि म्हणून २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पक्ष्याची आणि माणसाची सहनशक्ती अर्थातच वेगळी. घाव बसण्याची जागा मात्र तीच.

'पित्ताची गोळी घेतली की दुखण्याची गोळी बाधत नाही' ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ती गोळी जठराला व्रण होण्यापासून बऱ्याच अंशी वाचवते, मूत्रपिंडाला तिचा काडीचाही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट बाईंनी नंतर सिस्टरना हळू आवाजात सांगितली, ती कुठल्याही अहवालात आली नसती. वाटेत बायकांना आडोसा मिळत नाही, म्हणून त्या पहाटेपासून दुपारच्या विसाव्यापर्यंत पाणी जवळजवळ पीतच नव्हत्या. म्हणजे जुलाब लागण्याच्या कितीतरी आधी पाट निम्मा झालेला होता. वारीत गोळ्या वाटणाऱ्यांनी शौचालयांची आणि पाण्याची चौकशीही औषधाइतक्याच गांभीर्याने करावी, असे मला मनापासून वाटते.

यकृताचा भाग थोडक्यात. पॅरासिटामॉलचा काही अंश यकृतात विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला निष्प्रभ करतो. उपासमार, कमी वजन किंवा दारू यांमुळे तो साठा तुटपुंजा असेल, तर रोज थोडीथोडी वाढीव मात्राही बाधते.

उपचार

सर्व वेदनाशामके आणि रक्तदाबाची गोळी तत्काळ बंद केली. हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम उतरवण्यासाठी ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, आणि सलाइन मोजूनमापून, असा क्रम ठेवला. एसजीपीटी वाढलेले असल्याने एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे पॅरासिटामॉलच्या बाधेवरचा उतारा, शिरेतून दिले. डायलिसिसची तयारी करून ठेवली होती. पहाटेपर्यंत पोटॅशियम ५.४ वर आले आणि ती वेळ टळली. पहिल्या बारा तासांत लघवी १८० मिलिलिटर होती, तिसऱ्या दिवशी ती दीड लिटरवर गेली. क्रिएटिनिन ४.६ वरून तिसऱ्या दिवशी ३.१ आणि सातव्या दिवशी १.५ झाले. बाईंना आषाढीला पंढरपूर गाठता आले नाही, त्याचे दुःख त्यांना आजाराहून मोठे होते. वाखरीचे रिंगण त्यांनी वॉर्डात सिस्टरच्या मोबाइलवर हात जोडून पाहिले.

कोणाचे काय चुकले

पहिल्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सुजलेल्या गुडघ्याला डायक्लोफिनॅक दिले, दुसऱ्यांनीही तेच. मेडिकलवाल्याने सर्दीला सर्दीची गोळी दिली. मैत्रिणीने स्वतःच्या वाटणीतले दिले. सुनेने रक्तदाबाची काळजी घेतली. प्रत्येकाने आपापल्यापुरते योग्य आणि प्रेमाने केले, आणि पाचही गोळ्या एकत्र पाहिल्या त्या पहिल्यांदा आमच्या खाटेवर, दहाव्या दिवशी. माझ्या मते सारा प्रकार येथेच घडला. "बीपी आहे का, त्याची गोळी कोणती, आणखी कुठे औषध घेतलंय का" हे तीन प्रश्न गर्दीच्या रांगेत अर्ध्या मिनिटात विचारता येतात.

आमची चूकही याच जातीची होती. आम्ही 'औषध' विचारले. बाईंच्या बोलीत औषध म्हणजे डॉक्टरांनी कायमचे लावून दिलेले. दुखण्याची गोळी ही मीठ-तिखटासारखी घरातली वस्तू. त्या रात्रीपासून आमच्या दाखलपत्रावर दोन ओळी वाढवल्या आहेत : 'दुखण्यासाठी काय घेता?' आणि 'पिशवी पाहिली का?'

आपल्याकडे 'चिठ्ठीविना मिळणारी गोळी' ही कल्पनाच ढिसाळ झाली आहे, हेही सांगायला हवे. १९४५ च्या औषध नियमांतील 'अनुसूची के' मध्ये पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन यांसारख्या घरगुती औषधांना लहान खेड्यांत परवान्याशिवाय विकण्याची सवलत आहे. डायक्लोफिनॅक मात्र 'अनुसूची एच' मध्ये येते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे. व्यवहारात दोन्ही एकाच काउंटरवरून, एकाच कात्रीने कापून, एकाच सहजपणे हातात पडतात, आणि मग लोकांनी दोन्हींना एकाच मापाने तोलले तर त्यांना दोष कसा द्यावा?

दुखणे सोसावे असे मी मुळीच म्हणत नाही. पाय मुरगळलेल्या तरुण, निरोगी माणसाने जेवणानंतर दोन-तीन दिवस आयबुप्रोफेन घेतले तर सहसा काही बिघडत नाही. साठीपुढचे वय, रक्तदाबाची 'सार्टन' किंवा 'प्रिल' अशा शेवटाची गोळी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, पूर्वी झालेला जठराचा व्रण, रक्त पातळ करणारे औषध, गरोदरपण किंवा डेंग्यूचा संशय असलेला ताप, यांपैकी काहीही असेल तर या कुळातली गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉल अशांपैकी बहुतेकांना चालते, पण ते किती ठिकाणी दडलेले असते हे वरच्या बेरजेत दिसलेच आहे. पट्टी घेताना ती कापून घ्यावी लागली तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्यावा, आणि इंग्रजी बारीक अक्षरे वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्यालाच विचारावे, "यात पॅरासिटामॉल आहे का, किती आहे?"

घरी जाताना आणि पुढे

घरी सोडताना बाईंना तळहाताएवढे एक जाड कार्ड मराठीत लिहून दिले. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, आणि ती चालू असताना सर्दीची गोळी नाही. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचे मलम थोडे थोडे चालेल, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते. रक्तदाबासाठी जुनी जोडगोळी बंद करून ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केले. जुलाब-उलट्या लागल्या तर साखर-मिठाचे पाणी घोट घोट पिऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि लघवी कमी झाली तर रात्र काढू नये, हे लाल शाईने लिहिले. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने सुनेला शिकवला, आणि उकिडवे बसणे टाळण्यासाठी घरी कमोडची खुर्ची घ्यायला सुचवले.

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० होते, एसजीपीटी पूर्ववत. पुढच्या वर्षी ज्येष्ठात बाई स्वतःहून तपासणीला आल्या. या वेळी दिवेघाट दिंडीच्या ट्रकमधून चढायचा आणि वेळापुरापासून पुढे पायी चालायचे, असे त्यांनी घरच्यांशी ठरवून टाकले होते. बटवा उघडून त्यांनी न कापलेली एकच पट्टी टेबलावर ठेवली, तिच्याखाली ते कार्ड, आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यावरचं वाचून दावा, बरोबर तीच हाय का." ती तीच होती.